इंजिनवाला जावई

लग्न जमवताना मध्यस्थाने माझ्याबद्दल जे काही खोटं सांगितलं होतं, त्यातलं बहुतेक सगळं लग्नाच्या पंगतीतच उघडं पडलं. माझी उंची, चष्म्याचा नंबर, डोंबिवलीतल्या आमच्या जागेला गॅलरी असणं. एक गोष्ट मात्र टिकली. मुलगा ठाण्याला इंजिनांच्या कारखान्यात आहे, असं त्याने सांगितलं होतं आणि ते खरं होतं. मी कारखान्यात होतो, पण स्टोअरमध्ये. खालून वर्कशॉपमधून चिठ्ठी यायची, तिच्यावर सुट्या भागाचा नंबर असायचा, मी फळीवरून तो भाग काढून खिडकीतून द्यायचो आणि सही घ्यायचो. नऊ वर्षं मी हेच केलं. इंजिनाच्या प्रत्येक भागाचं नाव मला तोंडपाठ होतं, कुठला कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. तो इंजिनात कुठे बसतो हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते कोणी विचारलंही नव्हतं.

माझं सासर शीळफाट्याजवळच्या आगरी वस्तीच्या गावात. तिथे मी पहिल्या दिवसापासून इंजिनवाला जावई झालो. गल्लीतून चाललो की म्हातारे एकमेकांना सांगायचे, हा इंजिनं बनवतो. मी एकदाही दुरुस्ती केली नाही. आयता मिळालेला मान परत करायला जावं इतका मी शहाणा नव्हतो. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं आणि ती वेळोवेळी त्याचा वापर करायची.

सासऱ्यांकडे एक जुना ट्रॅक्टर होता. तो किती जुना ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यांनी घेतला तेव्हाच तो दुसऱ्याचा वापरून झालेला होता. शेती उरली थोडी, पण ट्रॅक्टरला काम होतं. ट्रॉलीवर लोखंडी टाकी ठेवून सासरे गावातल्या विहिरीचं पाणी शेजारच्या दिवा गावाला न्यायचे. दिव्यात तेव्हा चाळी भराभर उठत होत्या, माणसं राहायला येत होती, नळ तेवढे येत नव्हते. सकाळी एक खेप, दुपारी उन्हं कलली की दुसरी. सत्तरी जवळ आली तरी एकही खेप चुकली नव्हती. दिव्यातल्या बाया त्यांना आजोबा म्हणायच्या आणि ट्रॅक्टरचा आवाज लांबून ओळखायच्या.

त्यांच्या दोन्ही मुलांना हे नको होतं. त्यांनी शीळफाटा ते कल्याण अशी प्रवासी जीप चालू केली होती, तिला शेड हवी होती, आणि शेडमध्ये ट्रॅक्टर होता. शिवाय त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, बाबांना आता नीट दिसत नाही, बाबांनी बसावं. पण सासऱ्यांनी बसलेली माणसं पाहिली होती. त्यांच्या बरोबरीचे दोघं मुलांच्या आग्रहाने देवळाच्या ओट्यावर बसले, आणि दोन पावसाळ्यांत दोघंही गेले. म्हणून बसणं या गोष्टीला ते मनापासून घाबरत होते.

त्या उन्हाळ्यात धाकट्या मेव्हण्याचं लग्न झालं आणि लागलीच ट्रॅक्टर बंद पडला. तीन आठवडे झाले तरी चालू होईना. मग घरात ठरलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालू झाला तर राहील, नाही तर भंगारवाला घेऊन जाईल. मेकॅनिक बोलवायला सासऱ्यांनीच नकार दिला. आपला जावई असताना मेकॅनिक कशाला, हे त्यांचं म्हणणं. गुरुवारी संध्याकाळी थोरला मेव्हणा जीप घेऊन डोंबिवलीला आमच्या दारात हजर झाला.

"भावोजी, उद्या तुमची सुट्टी ना? बाबांनी सांगलाय, जावयाला घेऊनच ये."

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे ती पळवाट बंद होती. मी आत जाऊन बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, आता तरी खरं सांगून टाका." मी म्हणालो, तिथे गेल्यावर सांगतो.

शुक्रवारी सकाळी त्याच्या जीपमधून आम्ही दोघं तिथे पोचलो, पण सांगायला वावच मिळाला नाही. अंगणात पाय धुवायला पाणी, मग चहा, मग तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा. एवढं खाल्ल्यावर मी स्टोअरकीपर आहे असं सांगणं म्हणजे विश्वासघातच झाला असता. शेडसमोर ट्रॅक्टर उभा केला होता. त्याच्यापासून चार हातांवर लोखंडी खुर्ची, तिच्यावर धुतलेला टॉवेल. ती माझी होती. ऊन होतं म्हणून नवा नवरा झालेला धाकटा मेव्हणा माझ्यावर छत्री धरून उभा राहिला.

मी बाह्या वर करून ट्रॅक्टरकडे निघालो, तर सासरे आडवे आले.

"जावईबापू, तुमी हात नाय लावाचा. जावयाच्या हाताला ऑइल लागला तर गाव मना हसंल. तुमी फकस्त सांगा, मी खोलतो."

ही माझ्यावर झालेली मोठीच कृपा होती. इंजिनाच्या जवळ गेलो असतो तर मला काही कळत नाही हे शेजारच्या कोंबड्यांनाही कळलं असतं. लांबून, छत्रीखाली, टॉवेलवर बसून मात्र मी बराच जाणकार दिसत असणार. मी पायावर पाय टाकला आणि म्हणालो, "आधी बॅटरी बघा."

जीपची बॅटरी काढून ट्रॅक्टरला लावली. सासऱ्यांनी सेल्फ मारला. इंजिन घुरघुर फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. जमलेल्यांपैकी कोणी म्हणालं, कंप्रेशन गेलं असेल. मी म्हणालो, शक्य आहे. आमच्या वर्कशॉपमधला हेडमिस्त्री कशालाही शक्य आहे म्हणायचा आणि त्याला सगळे मानायचे.

मग मी नोझल खोलायला सांगितला. का, तर चौथ्या फळीवरचा तो माझा आवडता भाग होता. सासरे मान घालून कामाला लागले. ते सराईत होते, पाना बरोबर बसायचा, बोल्ट एकामागून एक सुटत होते. नोझल निघाला तो पुसून, स्टीलच्या ताटात ठेवून, ताटाखाली हात धरून माझ्यापुढे आणला. हळदीकुंकवाची जागा तेवढी रिकामी होती. मी नोझलकडे पाहिलं. नवेकोरे, खोक्यातले शेकड्याने पाहिले होते. काम करून आलेला हा पहिलाच. मी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, त्याचा नंबर मोठ्याने म्हणून दाखवला आणि सांगितलं, "हा चांगला आहे. परत बसवा."

नंबर ऐकून गर्दीत कुजबूज झाली. त्या आकड्यांनी माझी इभ्रत वाचवली, आणि मला चटक लागली. त्यानंतर आणखी चार भाग ताटातून माझ्यापर्यंत आले, मी चारही ओळखले, चारही चांगले निघाले आणि चारही परत गेले. दर वेळी सेल्फ मारला जायचा, दर वेळी इंजिन फिरून थांबायचं. सासऱ्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते एकदाही म्हणाले नाहीत की जावईबापू, तुम्हाला नक्की कळतंय ना. मला त्या माणसासमोर स्वतःची फार लाज वाटायला लागली. बायको दारातून बघत होती. ती माझ्यासाठी तिसरा चहा घेऊन आली आणि कप देताना हळूच म्हणाली, "पुरे आता, बाबा दमलेत."

एवढ्यात सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आल्या. लग्नात सगळ्या गावाने ट्रॅक्टर पाहिला होता, हार घातलेला, रंग दिलेला, तेव्हा दृष्ट लागली असणार हे त्यांचं निदान. त्यांनी ट्रॅक्टरला पुढून, मागून आणि दोन्ही मोठ्या चाकांना ओवाळलं, मग थोडं उरलं म्हणून मलाही ओवाळून टाकलं. सेल्फ मारला. फरक नाही.

मग गावची क्रिकेट टीम आली. टीमचं म्हणणं, ट्रॅक्टर उतारावर ढकलू, गिअरमध्ये टाकला की आपोआप पेटेल. त्यांनी माझ्याकडे परवानगी मागितली. मी विचार केल्यासारखं करून दिली. अकरा जण मागून लागले, बारावा माणूसही लागला. सासरे सीटवर ताठ बसले. त्यांच्या खाली ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे टीम आणि सगळ्यांच्या मागे मी, माझ्या मागे खुर्ची उचललेला एक भाचा आणि छत्री. उताराला लागल्यावर ट्रॅक्टरने वेग धरला, सासऱ्यांनी क्लच सोडला, एक हिसका बसला, फट्ट असा एकच आवाज झाला आणि ट्रॅक्टर बांध ओलांडून कोरड्या शेतात जाऊन उभा राहिला. टीमने त्या एका फट्टवर टाळ्या वाजवल्या. सासरे सीटवरून उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले.

आता तो वर कसा आणायचा? त्या प्रश्नावर चर्चा चालू असताना भंगारवाला आला, ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी. बरोबर टेम्पो, साखळ्या आणि दोन माणसं. गावाने त्याला सरळ सांगितलं, अजून संध्याकाळ झालेली नाही, तोवर ट्रॅक्टर आमचा आहे, आणि आलाच आहेस तर हा जरा वर ओढून दे. बिचाऱ्याने ओढून दिला. दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर भंगाराच्या साखळीने शेडपर्यंत आला, आणि साखळी सोडून भंगारवाला माझ्या खुर्चीशेजारी दगडावर टेकला.

त्याने अर्धा तास माझं काम पाहिलं. त्या वेळात मी आणखी एक भाग ताटातून मागवून घेतला. मग तो माझ्या कानाशी वाकला.

"दामादजी, बुरा मत मानना. डिझल आगे जा रहा है क्या, वो किसी ने देखा?"

कोणीच पाहिलं नव्हतं. सकाळपासून आम्ही बॅटरी, नोझल, दृष्ट आणि उतार एवढं पाहिलं, पण इंजिनापर्यंत डिझेल पोचतं का ते पाहायचं राहून गेलं.

"फिल्टर के नीचे काच का कटोरा है," तो म्हणाला. "वो खोलने को बोलो. तुम बोलो, मैं बोलूंगा तो अच्छा नहीं लगेगा."

ट्रॅक्टर मेला तरच त्याचा धंदा होता. तरीही एवढं अडाणीपण त्याच्याने बघवलं नाही. मी घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणालो, "आता फिल्टरखालची काच खोला. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती."

माझ्या सांगण्यावर दिवसभरात पहिल्यांदाच सासरे जागचे हलले नाहीत. पाना हातात धरून ते त्या काचेकडे पाहत राहिले. शेवटी थोरल्या मेव्हण्याने त्यांच्या हातातून पाना घेतला, काचेची वाटी काढली, रिवाजाप्रमाणे ताटात ठेवून, आत न बघताच माझ्यासमोर आणली आणि धाकट्याला घेऊन डिझेलची टाकी उघडायला परत गेला.

वाटीत डिझेल होतं, पण तळाशी बोटभर पिवळट पांढरा थर बसला होता. त्याला आंबूस वास येत होता. आणि वर, काठाला चिकटून, एक तुळशीचं पान होतं.

"ये क्या, छाछ?" भंगारवाला पुटपुटला.

सासरे पुढे झाले. त्यांनी दोन बोटांनी ते पान उचललं. डिझेल निथळत होतं. त्यांनी ते कपाळाला लावलं, मुलांकडे पाठ केली आणि तोंडात टाकून गिळलं. मग टॉवेलने तोंड पुसलं. मी आणि भंगारवाल्याने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर शेडच्या पत्र्यावर नेली.

मला धाकट्या मेव्हण्याच्या लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा आठवली. मी होतोच तिथे. पंचामृताचा तांब्या घेऊन सासरे घरातल्या प्रत्येकाला स्वतः तीर्थ देत होते, पाहुण्यांना, पोरांना, नव्या सुनेला. सगळं झाल्यावर ते तांब्या घेऊन घरामागे गेले. मला वाटलं होतं, तुळशीला घालायला चाललेत. शेड तिकडेच होती. ट्रॅक्टर बंद पडला तो दुसऱ्या दिवशी. आणि प्रसादाचं पान जमिनीवर टाकता येत नाही, म्हणून त्यांनी ते खाल्लं होतं.

थोरला मेव्हणा हात पुसत परत आला. "कय होता, भावोजी?"

सासरे माझ्याकडे बघत होते. मी वाटी हातात घेतली, तिचा नंबर म्हटला आणि सांगितलं, "साय. टाकी फार जुनी झाली की आतून अशी साय धरते. डिझेल पुढे जाऊ देत नाही."

मेव्हण्याचा चेहरा साशंक झाला. इतकं ढळढळीत खोटं मीही क्वचितच बोललो असेन. पण भंगारवाल्याने शांतपणे मान हलवली आणि म्हणाला, "हां, धरती है. मैंने बहुत ट्रॅक्टर तोडे, सब में देखी है."

त्यापुढे काम सरळ होतं, म्हणजे त्याला सरळ होतं. भंगारवाला सासऱ्यांच्या पाठीमागे उभा राहून बोटांनी खुणा करायचा आणि मी त्या खुणांचं मराठी करायचो. टाकी रिकामी करा. ताज्या डिझेलने दोनदा धुवा. फिल्टर धुवा. आता फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल ठेवून डिझेलचा हातपंप मारा, आत अडकलेली हवा बाहेर येऊ दे. बोल्टाशी बुडबुडे येत राहिले, मग नुसतं डिझेल आलं. बोल्ट आवळला. सासरे सीटवर चढले आणि सेल्फ मारला.

इंजिन दोनदा घुरघुरलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. कोंबड्या पळाल्या, टीम ओरडली, सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. दोन्ही मेव्हण्यांची तोंडं पडली, पण शब्द दिला होता. थोरल्याने जीपची बॅटरी काढून घेतली आणि शेडचं दार ट्रॅक्टरसाठी उघडं ठेवलं. भंगारवाल्याने चहा घेतला, साखळ्या टेम्पोत टाकल्या आणि जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दामादजी, ये काम कहां सीखा?" मी कारखान्याचं नाव सांगितलं.

सासरे मात्र हसले नाहीत. ट्रॅक्टर विहिरीवर नेला, टाकी भरली आणि मला म्हणाले, "चला, दिव्याला जाऊन येऊ." मी मडगार्डवर बसलो. इंजिन ठणठणीत चाललं होतं, आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं, तो कुठल्याही क्षणी थांबेल म्हणून.

दिव्यात चाळीपाशी आम्ही पोचायच्या आधीच हंड्यांची रांग लागली होती. पहिली बाई म्हणाली, "आजोबा, तीन आठवडे कुठे होतात? आम्हाला वाटलं आता येत नाहीत तुम्ही."

"गाडी बंद व्हती," सासरे म्हणाले. त्यांनी टाकीला पाइप लावला, पहिला हंडा भरायला घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"जावईबापू, तुमी पान पाहिलाव."

"हो, मामा."

"घरात सगल्यांना तीर्थ दिला. मंग त्याला कसा नाय देवाचा? माझ्या बरोबरीनी राबतो तो. थोरा त्याच्या डिझलच्या टाकीत ओतला. आन दुसऱ्या दिवशी बंद." हंडा भरला, त्यांनी दुसऱ्यात पाइप धरला. "मना वाटला, देवानीच सांगला. पुरे झाला तुझा, आता बस. मेकॅनिक याच्यासाठी नाय बोलावला. तो बोलला असता, इंजिन चांगला हाय, बिघाड कयच नाय, तर मंग तो देवाचाच हुकूम ठरला असता, मी कय करनार व्हतो?"

त्यांनी तिसरा हंडा जवळ ओढला.

"म्हंजे देवानी मना बस असा नाय सांगला?"

सकाळपासून त्या घरात मी एकही खरी गोष्ट बोललो नव्हतो. ही एक मला माहीत होती.

"नाही, मामा," मी म्हणालो. "दही अडकलं होतं. एवढंच."

"दही," ते म्हणाले. आणि मग ते रडायला लागले, उभ्या उभ्या, टॉवेल तोंडाशी धरून. पाइप हातातून सुटला, पाणी रस्त्यावर वाहायला लागलं, रांगेतल्या बाया नुसत्या बघत राहिल्या. मी मडगार्डवरून उतरलो, पाइप उचलला आणि पुढचा हंडा भरला.